सूर्य न उगवणाऱ्या गावातला नाताळ



नॉर्वेहून परत आल्यापासून बस्तीत भेटणारी प्रत्येक जण मला आधी एकच प्रश्न विचारते. थंडी किती होती, विमानात किती तास बसलात, हे सगळं नंतर. आधी हे, की "तिथे म्हणे सूर्यच उगवत नाही. मग तुम्ही जेवलात कधी?" एकदोघींनी तर काळजीने विचारलं, "महिनाभर उपासच केलेत की काय?" प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगून पुरं पडत नाही, म्हणून इथे नीट लिहिते. शिवाय तिथे एका म्हाताऱ्या कोळणीने मला एक प्रश्न विचारला होता. तो जेवणाच्या वेळेपेक्षा खूप अवघड होता. तोही सांगायचा आहे.

माझी लेक आणि जावई उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर राहतात. गावाचं नाव हेनिंग्सव्हेर. जेमतेम पाचशे वस्ती, समुद्रातल्या छोट्या छोट्या खडकाळ बेटांवर वसलेली. १९८० च्या दशकात पूल झाले, त्याआधी गावात यायचं तर बोटीनेच. जावई जहाजांच्या विजेच्या कामातला इंजिनिअर आहे, लेक घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करते, नातू आठ वर्षांचा. गावात मराठी बोलणारं घर त्यांचं एकटंच. आणि गाव पूर्णपणे कोळ्यांचं. बंदर गावाच्या मधोमध. जिकडे बघाल तिकडे लाकडी वाशांच्या मोठमोठ्या मांडव्या उभ्या. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे मासे वाळत असतात. मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवायची त्यांची शेकडो वर्षांची रीत आहे. मी गेले तेव्हा डिसेंबर होता, मांडव्या रिकाम्या होत्या. मनातल्या मनात हुश्श केलं, हे तुमच्यापासून काय लपवायचं!

अशा गावात आपल्या चालीरीतीने संसार करायचा म्हणजे रोज सकाळी उठून काहीतरी युक्ती शोधायची. हिवाळ्यात तिथल्या दुकानात भाज्या म्हणजे बटाटा, गाजर, कांदा, सलगम. सगळी कंदमुळं! आपल्या कामाचं काय, तर कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि गोठवलेले मटार. डाळी, पोहे, मसाले लेक भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत भरून मागवते. माझी एक बॅग नुसती तूरडाळ आणि आंबेमोहोर तांदळाची होती. तिकडचं तपकिरी चीज फार नावाजलेलं, पण त्याच्या मुळाशी वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, म्हणून लेक ते आणत नाही. लहान मुलांना तिथे हिवाळाभर माशाच्या यकृताचं तेल पाजतात, उन्हाअभावी ड जीवनसत्त्व कमी पडतं म्हणून. लेकीने शोधून दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून काढलेलं ड जीवनसत्त्व मिळवलंय, नातवाला ते देते. नळाला मी गेल्या गेल्या गाळणीचं कापड बांधलं. जावई म्हणाले, "आई, इथलं पाणी डोंगरातलं आहे, एकदम शुद्ध." मी म्हटलं, "असू दे, सवयीचा हात आहे."

आता जेवणाच्या वेळेचं. लोफोटेन उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे, अडुसष्ट अक्षांशावर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत दिसतो. पण याचा अर्थ चोवीस तास काळोख असा नाही. सूर्य क्षितिजाच्या थोडाच खाली असतो, त्यामुळे दुपारी काही तास निळसर, शांत उजेड पसरतो. आपल्याकडे सूर्योदयाच्या आधी अंगणात सडा घालताना असतो ना, तसा. साधारण साडेनऊला तो सुरू होतो आणि अडीचच्या सुमारास विझतो.

रात्रिभोजन त्याग मी लग्नाच्या आधीपासून पाळते. पण आजवर त्यासाठी विचार करावा लागला नव्हता, सूर्यास्ताची वेळ पंचांगात छापलेली असायची. निघण्याआधी संघातल्या ब्रह्मचारिणी दीदींमार्फत माताजींना विचारलं. माताजींनी उत्तर पाठवण्याआधी उलट प्रश्न पाठवला, "तिथे दिवा न लावता ताटातला केस दिसतो का?" त्या प्रश्नातच उत्तर होतं. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात हेच तर सांगितलंय, की सूर्यप्रकाशाशिवाय जेवणारा सूक्ष्म जीवांची हिंसा कशी टाळणार. दिवा लावला तरी जीव दिव्याकडेच येतात. म्हणजे नियमाच्या मुळाशी जीव आहे, घड्याळ नंतर.

मग मी बी.कॉम.च्या जुन्या सवयीने कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात सांगलीचा सूर्य. सांगली नॉर्वेच्या साडेचार तास पुढे. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे तिथल्या घड्याळाने पहाटे अडीच ते दुपारी दीड. एका नातलगाने सुचवलं होतं, की सरळ सांगलीच्या पंचांगाने जेवा. पण मग पहाटे तीनला मिट्ट काळोखात बसून पोहे खाल्ले तरी चाललं असतं! दुसऱ्या रकान्यात नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिथे त्या दिवसांत सव्वानऊनंतर सूर्य उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. तिसऱ्यात गावातला निळा उजेड, साडेनऊ ते अडीच. तिन्हींत दोन-दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस मिनिटं, पुढून आणि मागून सोडली. तिन्ही रकान्यांत बसणारी वेळ उरली सव्वादहा ते पाऊण. अडीच तास! सव्वादहाला खिडकीशी ताट घेऊन बसायचं, दिवा बंद करायचा, तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसतात का बघायचं आणि जेवायचं. पाऊणच्या आत दुसऱ्यांदा दूध-दशमी. पुढे फक्त पाणी. पहिले चार दिवस संध्याकाळी पोटात कावळे ओरडले, मग अंगवळणी पडलं. ढग फार दाटून रेषा दिसल्या नाहीत, असे दोन दिवस आले. तेव्हा उपवास केला.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, परदेशात थोडी सूट घ्यावी. ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावी. मला मात्र त्या महिन्यात माझा नियम पहिल्यांदा नव्याने समजला. घरी तो आपोआप पाळला जायचा. तिथे रोज रेषा बघून पाळावा लागला.

आता नाताळाचं. त्या काळोखात गाव इतकं उजळतं, की आपली दिवाळीच आठवावी. प्रत्येक खिडकीत कागदाची किंवा लाकडाची चांदणी, आत दिवा. सात दिव्यांची त्रिकोणी दीपमाळ. नाताळाआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत लावायची. तेरा डिसेंबरला मुलं पांढरे झगे घालून हातात दिवे घेऊन गाणी म्हणत फिरतात, केशर घातलेले पाव वाटतात. पडदे कुणी ओढत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला उजेड मिळावा, असंच जणू सगळ्यांनी ठरवलेलं असतं.

फराळही आपल्यासारखाच, ताटं भरभरून शेजारीपाजारी जातात. सात प्रकार करायचे अशी रूढी आहे. त्यातला एक बघून मी चकितच झाले. हुबेहूब आपली शंकरपाळी! नाव 'फात्तिगमान', म्हणजे गरीब माणूस. पण पिठात अंड्याचा बलक आणि तळण चरबीत, त्यामुळे आपल्याला नाही चालत. लेकीची पद्धत मला आवडली. आलेलं ताट ती हसून घेते, "आम्ही अंडं खात नाही, पण जावयाच्या ऑफिसात सगळ्यांना देऊ" असं स्पष्ट सांगते, आणि ताट रिकामं परत पाठवत नाही. या वेळी मी साजूक तुपातली शंकरपाळी करून परतीच्या ताटांत भरली. शेजारच्या बाई एक तुकडा उचलून बघत राहिल्या, मग मोठ्याने हसल्या. नातवाने भाषांतर केलं, "त्या म्हणतात, तुमचाही गरीब माणूस असाच दिसतो?"

या शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. नातू त्यांना बेस्तेमोर म्हणतो, म्हणजे आजी. मला म्हणतो आज्जी. असा आमचा दोघींचा हक्क वाटलेला. त्यांचे यजमान आयुष्यभर कोळी होते, चारेक वर्षांपूर्वी वारले. त्यांना इंग्रजी थोडंच येतं, मला नॉर्वेजियन अजिबात नाही, म्हणून आमच्या सगळ्या गप्पा नातवाच्या तोंडून. तिथे नाताळाचं मोठं जेवण चोवीस तारखेच्या संध्याकाळी असतं. बेस्तेमोरनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या ताटात त्या रात्री उकडलेला मासा असणार, हे मला ठाऊक होतं. लेक बिचारी अडकली. नाही म्हणावं तर त्यांना वाईट वाटणार, हो म्हणावं तर मी काय करणार?

मी नातवाला म्हटलं, "त्यांना सांग, मी काळोख पडल्यावर जेवत नाही आणि मासा शिजलेल्या भांड्यातलं मला चालत नाही. पण तुम्ही दुपारी आमच्याकडे या." बेस्तेमोरनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग दुपारची लापशी तुमच्याकडे करू." कारण चोवीसच्या दुपारी तांदळाची दाट लापशी खायची त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे! त्यात एक सोललेला बदाम लपवतात. ज्याच्या वाटीत तो येईल त्याला बक्षीस. एवढी सोपी वाट समोर होती, फक्त दोघींनी आपापलं काय आहे ते सरळ सांगायचं होतं.

आमच्या भांड्यात, माझ्या तांदळाने, त्यांच्या सांगण्यावरून लापशी झाली. करून बघायची असेल तर प्रमाण देते. एक वाटी तांदूळ (आंबेमोहोर उत्तम, चिकट होतो), दोन वाट्या पाण्यात पाणी आटेपर्यंत शिजवा. मग चार वाट्या सायीचं दूध घालून मंद आचेवर पाऊण तास, मधून मधून ढवळत. तळाशी लागू देऊ नका. शेवटी चिमूटभर मीठ. साखर शिजताना घालत नाहीत. वाटीत वाढल्यावर मधोमध लोण्याचा गोळा, वरून साखर आणि दालचिनीची पूड. लोणी वितळून पिवळं डबकं होतं, त्याला त्या 'लोण्याचा डोळा' म्हणतात. मी लोण्याऐवजी तूप घातलं. आपल्या खिरीची सख्खी बहीण समजा. मुलांना फार आवडते.

बारा वाजता खिडकीशी बसून आम्ही जेवलो. बाहेर निळा उजेड आणि बर्फ. बदाम नातवाला मिळाला, तो मिळेल अशी बेस्तेमोरनी बहुधा व्यवस्था केली होती. जेवण झाल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नातवाला काहीतरी म्हणाल्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या आठ वर्षांच्या मराठीत सांगितलं, "आज्जी, त्या विचारतात, तुमचा देव मासे मारणाऱ्याला वाईट म्हणतो का? त्यांचे आजोबा वाईट होते का?"

मैत्रिणींनो, स्वाध्यायात बसून आपण हिंसेचे चार प्रकार घडाघडा सांगतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मासेमारी यात कुठे बसते, हे मला पाठ आहे. पण समोर एक बाई आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल विचारत होती, आणि मधे माझा नातू बसला होता, ज्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील बोटीवर जातात. मी जे बोलणार, ते दोन कानांवर पडणार होतं. "छे छे, तसं काही नाही" म्हणून सुटले असते, तर नातवाला आपण मासा का खात नाही याचं उत्तर उरलं नसतं. "हो" म्हणावं, तर आमच्याकडची लापशी खाऊन बसलेल्या माणसाच्या काळजात काटा रुतला असता.

मी आधी सांगितलं, की आमच्याकडे देव कुणाचा न्याय करत नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं, ज्याचं त्याने लिहायचं. दुसऱ्याची खतावणी उघडून बेरीज मांडायचा अधिकार मला नाही. मासा मारणं मी चांगलं म्हणणार नाही, कारण माशालाही जगायचं असतं. पण तुमचे यजमान वाईट होते, असंही मी म्हणणार नाही. नातवाने ते सगळं कसं सांगितलं कोण जाणे. बेस्तेमोर ऐकत राहिल्या. मग मला मृगसेन धीवर आठवला आणि मी म्हटलं, "थांब, त्यांना एक गोष्ट सांगू."

तुम्हाला ती गोष्ट माहीतच आहे. मुनिराजांनी मृगसेन कोळ्याला हाकलून दिलं नाही, आधी धंदा सोड मग ये, असंही म्हटलं नाही. त्याला झेपेल एवढंच व्रत दिलं, जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून द्यायचा. त्याने पहिला मासा सापडला तो खुणेची चिंधी बांधून सोडला. पुन्हा जाळं टाकलं तर तोच मासा. असं पाच वेळा झालं. पाचही वेळा त्याने तो सोडला आणि रिकाम्या हाताने घरी गेला. बायकोने दार उघडलं नाही. बाहेरच झोपला, रात्री साप चावून मेला. आणि पुढच्या जन्मी पाच वेळा मरणाच्या दारातून वाचला.

इथे बेस्तेमोरनी हात वर करून नातवाला थांबवलं. त्यांना पुढच्या जन्माचं नव्हतं विचारायचं. "घरात खायला काही होतं का?" नव्हतं, मी म्हटलं. "मग मीही दार उघडलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतेय, आपण सगळ्या त्या बायकोला नावंच ठेवत आलो. रिकाम्या चुलीपुढे बसलेली ती बाई मला पहिल्यांदा दिसली, एका कोळणीमुळे.

मग त्या उठल्या आणि खिडकीतून त्यांच्या घराच्या ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे एका काठीला ओटच्या कणसांची पेंढी बांधली होती आणि तिच्यावर चिमण्यांसारखी पाखरं लोंबकळत होती. नाताळात पाखरांसाठी धान्याची पेंढी बांधायची, ही नॉर्वेतली जुनी रीत. बाजारात तयार पेंढ्या मिळतात. "ही पेंढी दर वर्षी तेच बांधायचे," त्या म्हणाल्या. "वर्षभर समुद्रातून घेतो, म्हणायचे, आज कुणी उपाशी राहायला नको." आता त्या स्वतः बांधतात. मी काही बोलले नाही. जमाखर्च जुळला, असं मी म्हणत नाही. तो माझा हिशेबच नाही. पण जमेची बाजू कोरी नव्हती, एवढं मला दिसलं.

त्या दिवसांत बोटी बंदरात बांधलेल्या होत्या. जावयांनी सांगितलं, की नॉर्वेत चोवीस ते एकतीस डिसेंबर शिकारीला कायद्याने बंदी असते, 'नाताळाची शांती' म्हणून. मला लगेच आपली अमारी आठवली. सोळाव्या शतकात हीरविजयसूरींच्या सांगण्यावरून अकबर बादशहाने पर्युषणात जीवहत्या बंद ठेवायचं फर्मान काढलं होतं, फत्तेपूर सिक्रीजवळच्या डाबर तलावातली मासेमारीही थांबवली होती. एक बादशहा, एक ध्रुवाजवळचा देश, कुठे काही संबंध नाही. तरी सणाचे दिवस आले की 'निदान आज तरी नको' असं माणसाला वाटतं. मुनिराजांनी मृगसेनात हेच तर ओळखलं होतं.

संध्याकाळी पाचला गावोगावच्या चर्चच्या घंटा वाजून नाताळ सुरू होतो. त्याआधी लोक कबरस्तानात जातात आणि आपल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावतात. बेस्तेमोरबरोबर मी गेले. बर्फात शेकडो ज्योती. मी णमोकार म्हणत उभी राहिले. त्यांचा मुलगा आणि सून तेवढ्यात त्यांना जेवायला न्यायला आले, आणि मी घरी येऊन सामायिकाला बसले.

नाताळानंतर गावच्या सभागृहात मुलांचा कार्यक्रम होता. मधोमध झाड, आणि सगळे लहानथोर एकमेकांचे हात धरून त्याच्याभोवती गोल गोल फिरत गाणी म्हणतात. हत्तीच्या जागी झाड, बाकी आपला हादगाच! माझे पाय आपसूक तालात पडले. एक बाई लेकीला म्हणाल्या, "तुझ्या आईला आमची गाणी येतात?" गाणी कुठली येणार, पण फेर येत होता. रात्री नातवाने अंथरुणात विचारलं, "आज्जी, माझ्या मित्राचे बाबा पण मासे पकडतात. तो माझा मित्र चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल काय, पाहिजेच." मग म्हणाला, "आणि मी मासा खाल्ला नाही तर तो चिडेल?" "तू सांगून बघ," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने मित्राला मृगसेनाची गोष्ट सांगितली. मित्राला सगळ्यात जास्त साप आवडला म्हणे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आला. दुपारी बाराच्या सुमारास समुद्रावर लाल कड दिसली आणि काही मिनिटांत गेली. लोक बाहेर येऊन उभे होते. मी किती वाट बघितली होती त्या कडेची, काय सांगू. पण मैत्रिणींनो, त्याच सुमारास तिथल्या मासेमारीचा मोठा हंगामही सुरू होतो. कॉड जातीचे मासे दर वर्षी उत्तरेच्या समुद्रातून अंडी घालायला लोफोटेनला येतात, जानेवारी ते एप्रिल. त्यावर हजार वर्षं ही बेटं जगली आहेत. १९८९ च्या एप्रिलमध्ये मासे इतके घटले, की सरकारला किनाऱ्यावरची कॉडची मासेमारी मध्येच थांबवावी लागली. पुढच्या वर्षापासून प्रत्येक बोटीचा वाटा ठरवून दिला. पोटासाठी का होईना, मर्यादा घालावीच लागली. आपण परिमाण व्रत म्हणतो, ते तिकडे कायद्याच्या पुस्तकातून आलं. मी ज्या सूर्याची माझ्या ताटासाठी वाट बघत होते, त्याच्याबरोबरच बोटींचे दोर सुटायची वेळ आली होती. हे दोन्ही एकत्र मनात ठेवणं सोपं नव्हतं. अजूनही नाही.

जवळच्या स्वोल्व्हेर गावाच्या बंदराच्या तोंडाशी एका बाईचा पुतळा आहे. कोळ्याची बायको, हात उंचावून समुद्राकडे बघणारी. आमच्या गावात पुतळा नाही, पण हंगामाच्या पहिल्या सकाळी बेस्तेमोर धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या. आता त्यांचं कुणी बोटीवर जात नाही, तरी आल्या. काळोख होता, बोटींचे दिवे एकामागून एक बाहेर पडत होते. मीही शेजारी जाऊन उभी राहिले. त्या बोटीतल्या माणसांसाठी पुटपुटत होत्या. मी णमोकार सुरू केला. नऊ वेळा बोटीतल्या माणसांसाठी म्हटला, नऊ वेळा पाण्याखालच्यांसाठी. थंडीने बोटं बधिर झाली होती, तेव्हा मोजणी पेरांवर न करता मनातच केली. मग आम्ही दोघी घरी आलो, आणि उजाडेपर्यंत मी कोबी चिरून ठेवला.

जय जिनेंद्र.